‘ऊठ, खा’: नैराश्यात प्रार्थना सुकते तेव्हा

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना डोळे भरून आले. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेतली आणि वॉर्डात केसपेपर वाचायचे तशी एकेका ओळीखाली रेघ मारत गेले. तीस वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात आधी नर्स म्हणून आणि नंतर समुपदेशक म्हणून काढली, ती सवय काही जात नाही.

तू लिहितेस, जालन्याहून लग्न होऊन इंदूरला आलीस त्याला तीन वर्षं झाली. नवरा पीथमपूरच्या कारखान्यात, दर आठवड्याला पाळी बदलते. मागच्या पावसाळ्यात आई गेली. दिवाळीनंतर शाळेतली नोकरी सोडलीस. आता पहाटे तीनला जाग येते आणि उजाडेपर्यंत छताकडे बघत पडून राहतेस. जेवण जात नाही. चार महिने उपासनेला गेली नाहीस. पवित्र शास्त्र (बायबल) उघडलं तर एकच ओळ पाचदा वाचावी लागते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आठ दिवस घेतल्यास, मळमळलं, फरक काही पडला नाही. तेवढ्यात प्रार्थनासभेतल्या एका जाणत्या बाईंनी सांगितलं, की गोळ्या म्हणजे प्रभूवरचा अविश्वास. त्यापेक्षा उपास-प्रार्थना धर. गोळ्या बंद केल्यास. शेवटी विचारतेस, ‘मावशी, माझा विश्वास मेलाय का? देव मला सोडून गेलाय का?’ आणि त्याच्या जरा वर, मधेच, प्रश्नचिन्हसुद्धा न देता एक ओळ लिहिली आहेस: ‘कधी कधी वाटतं सकाळी उठूच नये.’

मी त्या ओळीपासून सुरुवात करणार आहे, कारण बाकीचं सगळं थांबू शकतं, हे नाही.

‘उठूच नये’ म्हणजे नुसतं थकून वाटतं, की जीव द्यावा असं मनात येतं? कसा द्यायचा याचा विचार केला आहेस का? घरात काही जमवून ठेवलं आहेस का? मी हे असं उघड विचारते म्हणून दचकू नकोस. विचारल्यामुळे कुणाच्या डोक्यात नवीन कल्पना भरत नाही, हे मी शेकडो माणसांशी बोलून सांगते. उलट कुणीतरी नाव घेऊन विचारलं की कोंडलेली वाफ जरा बाहेर पडते. उत्तर ‘हो’ असेल, अगदी अर्धवट ‘हो’ असलं तरी, आज रात्री नवऱ्याला सांग. तो रात्रपाळीला असेल तर फोन करून सांग आणि एकटी राहू नकोस. उरलेल्या गोळ्या त्याच्या ताब्यात दे. १४४१६ हा सरकारचा टेली-मानसचा क्रमांक आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला ही सेवा सुरू झाली. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. जिवावरच बेतलं असेल तर ११२ फिरवायचा किंवा सरळ एमवायच्या, म्हणजे सरकारी महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या, तातडीच्या विभागात जायचं. ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘पोलिसांचं लफडं होईल’ ही दोन्ही भीती बाजूला ठेव. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं, असं पाऊल उचलणारं माणूस तीव्र ताणाखाली होतं असंच धरून चालायचं आणि त्याला शिक्षा करायची नाही, असं ठरवलं आहे.

आणि असा विचार आला म्हणून तू देवापासून तुटलीस असंही समजू नकोस. मरण मागणाऱ्यांची शास्त्रात मोठी रांग आहे. ईयोबानं आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, यिर्मयानंही दिला. योनानं ‘जगण्यापेक्षा मरण बरं’ म्हटलं. आणि एलीया संदेष्टा. एलीयाजवळ आपण जरा बसू या, कारण तुझ्या सगळ्या पत्राचं उत्तर मला त्याच्या गोष्टीत दिसतं.

जुन्या करारातलं राजे पहिले हे पुस्तक, अध्याय एकोणीस. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून आग उतरलेली बघून आलेला हा माणूस. त्याच्या विश्वासाबद्दल कुणी शंका घेऊ शकत नाही. ईजबेल राणीची धमकी येते आणि तो पळतो. चाकराला बैरशेब्यात मागे ठेवतो, स्वतः एकटा दिवसभर रानात चालत जातो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, ‘आता पुरे, माझा जीव घे.’ मग झोपी जातो. देव काय करतो बघ. ‘काल एवढा चमत्कार पाहिलास आणि आज हे?’ असं विचारत नाही. वचन पाठ करून घेत नाही. देवदूत येऊन त्याला हात लावतो आणि म्हणतो, ‘ऊठ, खा.’ उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाण्याची सुरई. एलीया खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. त्याला झोपू दिलं जातं. देवदूत दुसऱ्यांदा येतो तेव्हाही तेच: ऊठ, खा, वाट तुला झेपणार नाही. त्यानंतर चाळीस दिवसांची चाल, होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी, आणि सगळ्यात शेवटी ती मंद वाणी. त्या वाणीनं काय सांगितलं? तू एकटा उरलेला नाहीस, सात हजार आहेत. आणि जाऊन अलीशाला सोबत घे.

आधी स्पर्श, मग भाकरी, मग झोप, पुन्हा भाकरी, बऱ्याच दिवसांनी वचन, आणि वचनाच्या पोटात पुन्हा माणूस. हा क्रम देवाचा आहे. आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, मात्र पहिल्या दिवशीच उलटीकडून सुरुवात होते: वचन दे, उपास कर, रात्र जागव.

म्हणून आज पहिली गोष्ट सांगते ती ही, की उपास थांबव. निरोगी माणसाचा उपास ही साधना असते. ज्याची भूकच गेली आहे आणि वजन उतरतं आहे, त्याचा उपास म्हणजे आजाराला हातभार. रात्रीच्या जागरण-प्रार्थनाही नकोत. पहाटे तीनला मोडणारी झोप हे या आजाराचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. सकाळी मन सर्वांत जड आणि संध्याकाळी किंचित हलकं, हेही तसंच. तू आळशी झाली नाहीस आणि तुझी भक्तीही आटली नाही. झोप, भूक, लक्ष लागणं, आनंद वाटणं, ही सगळी शरीराची कामं आहेत. दोन आठवड्यांहून जास्त काळ, बहुतेक दिवसभर, ती एकदम बिघडली की आम्ही त्याला नैराश्याचा आजार म्हणतो. तुझं तर चार-पाच महिने चाललं आहे.

आई गेल्याचं दुःख आणि हा आजार, दोन्ही एकमेकांत गुंतले आहेत, ते मी नाकारत नाही. पण त्यांचा पोत वेगळा असतो. शोक लाटेसारखा येतो. आईची साडी दिसली, रडू आलं, मग शेजारीण काही बोलली आणि क्षणभर हसूही आलं. शोकात माणूस म्हणतो, ‘आई नाही.’ आजारात तो म्हणतो, ‘मीच कामाची नाही.’ तुझ्या पत्रात पहिलं वाक्य एकदा आहे आणि दुसरं चार ठिकाणी आहे. मी रेघा मारल्या तेव्हा मोजलं.

आता गोळ्या. तुला हे कुणी नीट समजावून दिलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. या गोळ्यांचा त्रास आधी येतो आणि गुण मागून. मळमळ, अस्वस्थपणा, डोकं जड होणं हे पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतं आणि बहुतेकांचं ओसरतं. मनावरचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कुणाला सहाही लागतात. म्हणजे तू नेमकी त्रास झाल्यावर आणि गुण येण्याआधी थांबलीस. आपल्या मनानं पुन्हा सुरू करू नकोस, डॉक्टरांकडे जा आणि जे झालं ते जसंच्या तसं सांग. मळमळीवर उपाय असतो, गोळी बदलता येते. पहिल्या दिवसांत बेचैनी वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कळवायचं. पूर्वी कधी उलट झालं होतं का, म्हणजे झोप नसतानाही अंगात जोर, भराभर बोलणं, उधळपट्टी, तेही सांग. कारण मग औषध वेगळं लागतं. बाळाचा विचार असेल तर तोही सांग. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासले का विचार, यातलं काही कमी-जास्त असलं तरी माणूस असाच गळून जातो. या गोळ्यांची झोपेच्या गोळ्यांसारखी चटक लागत नाही, पण बऱ्या झाल्यावरही निदान सहा ते नऊ महिने त्या चालू ठेवाव्या लागतात आणि डॉक्टरांच्या सांगण्यानं हळूहळू उतरवाव्या लागतात. खासगी डॉक्टरांची फी परवडत नसेल तर एमवायमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे, बाणगंगेला सरकारी मानसिक रुग्णालय आहे. बाणगंगेचं नाव काढलं की इंदूरची माणसं आवाज खाली करतात. तू करू नकोस.

राहिला अविश्वासाचा प्रश्न. प्रेषित पौलाचं तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र काढ, शेवटचा अध्याय. तुरुंगातून लिहितो आहे. देमास सोडून गेला, बाकीचे पांगले. मग म्हणतो, ‘लूक मात्र एकटा माझ्याजवळ आहे.’ हा लूक कोण? कलस्सैकरांच्या पत्रात पौलच त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हणतो. ज्या प्रेषितानं आजाऱ्यांवर हात ठेवून त्यांना बरं केलं, त्याच्या शेवटच्या दिवसांत उशाशी वैद्य होता. त्याच प्रेषितानं स्वतःच्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही, आणि उत्तर आलं, ‘माझी कृपा तुला पुरे आहे.’ काटा राहिला म्हणून पौलाचा विश्वास कमी होता असं म्हणायची कुणाची छाती आहे? त्या बाईंबद्दल मनात राग धरू नकोस. त्या प्रेमानंच बोलल्या असतील. पण त्यांचं ऐकून औषध थांबवू नकोस.

तू एक गोष्ट अडखळत लिहिली आहेस: आपल्या हातून पवित्र आत्म्याविरुद्धचं, कधीच क्षमा नसलेलं पाप घडलं असावं, अशी भीती. यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण हे मी वॉर्डात फार ऐकलं आहे. आजार ज्या घरात शिरतो त्या घरची भाषा बोलतो. दुकानदाराला नैराश्य आलं की तो म्हणतो, माझं दिवाळं निघालं, खात्यात पैसे असले तरी. आईला आलं की ती म्हणते, मी लेकरांचं वाटोळं केलं. आणि भाविक माणसाला आलं की तो म्हणतो, देवानं मला टाकलं. शब्द शास्त्रातले असतात, म्हणून ते देवाचेच आहेत असं वाटतं. मी ओळखायची एक खूण सांगते. खऱ्या अपराधाला नाव-गाव असतं: अमक्या दिवशी अमक्याला असं बोललो. तो कबूल केला, क्षमा मागितली की छाती हलकी होते. आजाराच्या अपराधाला तारीख नसते. क्षमा दहादा ऐकली तरी त्याचं समाधान होत नाही, आणि गोळ्या लागू पडल्या की तो आपोआप विरतो. क्षमा नसलेल्या पापाच्या भीतीनं जो रात्ररात्र तळमळतो, त्यानं देवाकडे पाठ फिरवलेली नसते, हेही लक्षात घे. पाठ फिरवलेल्याला तळमळ कशाला होईल?

विल्यम काउपर नावाचा इंग्रज कवी होता, १७३१ ते १८०० हा त्याचा काळ. त्याची भक्तिगीतं आजही जगभरच्या मंडळ्यांत म्हटली जातात. त्याला हा आजार पुन्हा पुन्हा व्हायचा. १७७३ मध्ये देवानं आपल्याला कायमचं टाकलं आहे असं त्याच्या मनानं घेतलं आणि ते मरेपर्यंत पुरतं गेलं नाही. त्या वर्षी त्याचा पाळक मित्र जॉन न्यूटन यानं काय केलं? त्याला आपल्या घरी आणून वर्षाहून अधिक काळ ठेवून घेतलं. पाळकाच्या घरात एक आजारी माणूस तेरा-चौदा महिने, काही सुधारणा दिसत नसताना! प्रवचनांपेक्षा मला न्यूटनचं हे ठेवून घेणं मोठं वाटतं. काउपरच्या काळी उपचार नव्हते. तुझ्या काळी आहेत.

आता तुझा मुख्य प्रश्न: प्रार्थना सुकली आहे, तर विश्वास मेला का?

मार्काच्या दुसऱ्या अध्यायात एका पक्षाघात झालेल्या माणसाला चौघे जण बाजेवर घालून आणतात. दाराशी गर्दी, म्हणून छप्पर उसकटतात आणि बाज खाली सोडतात. तिथे शब्द आहेत, ‘त्यांचा विश्वास पाहून’. ‘त्याचा’ नाही, ‘त्यांचा’. बाजेवरच्यानं तोंडातून अक्षरही काढल्याचं लिहिलेलं नाही. त्याला विश्वास होता की नव्हता, त्या क्षणी कुणी विचारलंच नाही. तू सध्या बाजेवर आहेस. तुझ्या वाटची प्रार्थना काही महिने दुसरे करतील, आणि ती तुझ्या खात्यावर पूर्णच जमा होते असं मी मनापासून मानते. तू फक्त बाज उचलू दे.

आणि स्वतःहून काही म्हणायचंच असेल तर नवीन शब्द शोधू नकोस. स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत, त्यातली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त विलापाची आहेत. आपण भिंतीवर लावतो ती तेविसावं आणि एकशे एकविसावं. अठ्ठ्याऐंशीवं कुणी लावत नाही. ते वाच. बहुतेक विलाप शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, काळोखातच संपतं. शास्त्र जमवणाऱ्यांनी त्याला चांगला शेवट जोडला नाही, गाळलंही नाही. म्हणजे ‘मला काहीच दिसत नाही’ एवढंच देवाला सांगून थांबणं, हीसुद्धा मान्य झालेली प्रार्थना आहे. बेचाळिसाव्यात कवी स्वतःच्याच जिवाशी बोलतो: ‘हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?’ रागावून नाही, शेजारी बसून विचारल्यासारखं. गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः म्हणाला, ‘माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे.’ आणि लगेच मित्रांना म्हणाला, इथे राहा, माझ्याबरोबर जागे राहा. त्यानंही सोबत मागितली. मित्र झोपले, ते वेगळं.

लक्ष लागत नाही तेव्हा अध्याय वाचायचा हट्ट सोड. एक ओळ कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ओट्याच्या वर चिकटव. पहाटे तीनला जाग आली की उठून बस, श्वास आत घेताना ‘प्रभू येशू’, सोडताना ‘दया कर’. एवढंच, दहा-पंधरा मिनिटं. काही वाटायला हवं असं नाही. प्रभुभोजनाला जायचं बळ नसेल तर पाळकसाहेबांना घरी यायला सांग, आजाऱ्याच्या घरी ते येतात, आणि तू आजारी आहेस.

यापुढचं मला मावशी म्हणून लिहायचं आहे, कारण हा एकटेपणा मला पाठ आहे. मीही नगर जिल्ह्यातून लग्न होऊन इथे आले. आमच्याकडे सगळं मराठीतून. अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं तेव्हापासून तिथली उपासना, गाणी, पुढे रेव्हरंड टिळकांनी रुजवलेली ख्रिस्ती कीर्तनं, सगळं आपल्या बोलीत. तुझ्या जालन्यालाही तसंच, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली तेव्हापासून. इंदूरची गोष्ट निराळी. इथे १८७७ मध्ये कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी आले, त्यांनी काम केलं ते माळव्यात, हिंदीतून. त्यामुळे इथल्या मंडळ्यांची जीभ हिंदी. मी पहिल्या रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणताना आजूबाजूनं वेगळेच शब्द आले. मी गप्प झाले. माझ्या वडिलांनी शिकवलेल्या शब्दांत या शहरात देवाशी बोलणारी मी एकटीच आहे, असं वाटलं होतं.

आणि दुसरीकडून, रामबागेत, लोकमान्यनगरात मराठी माणसं काय कमी आहेत? पण तिथे हळदीकुंकवाला बोलावलं तर जावं की नाही, गेलं तर कुंकू लावताना काय म्हणावं, या अवघडलेपणात पाय उंबऱ्यातच थांबतो. चर्चमध्ये आपण ‘मराठी’ आणि मराठी घरांत आपण ‘ख्रिश्चन’. दोन्ही ठिकाणी पाहुणे. तू लिहिलं नाहीस, पण ‘इथे माझं असं कुणी नाही’ या तुझ्या ओळीखाली मला हेच दिसलं. बेथेस्दा तळ्याकाठचा अडतीस वर्षांचा आजारी प्रभूला हेच सांगतो. बरं व्हायचंय का विचारल्यावर तो ‘हो’ म्हणत नाही. म्हणतो, मला तळ्यात सोडायला माझा कोणी माणूस नाही.

आईबरोबर तुझी भाषाही गेली आहे, पोरी. रोज संध्याकाळी तिच्याशी फोनवर बोलायचीस तेवढंच मराठी दिवसात असायचं, असं तूच लिहिलंस. दुःख माणसाला आपल्या बोलीत रडावं लागतं, दुसऱ्या भाषेत ते नीट फुटत नाही. म्हणून घरात मोठ्यानं मराठीत प्रार्थना कर. आई म्हणायची ती गाणी म्हण, सूर लागो न लागो. जालन्याच्या मावशीला, बहिणीला आठवड्यातले दोन दिवस ठरवून फोन कर आणि शेवटी तिलाच प्रार्थना करायला सांग, तू ऐक. आमची सात-आठ मराठी ख्रिस्ती घरं महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुणाच्या तरी घरी जमतात. तासभर गाणी, मग जेवण. बोलायची सक्ती नाही. कोपऱ्यात बसून गेलीस तरी चालेल.

मदत मागताना एक कर. ‘माझ्यासाठी प्रार्थना करा’ एवढंच म्हणालीस तर लोक मान डोलावतील आणि घरी जातील. त्यांना काय करायचं ते कळत नसतं. पौल बघ किती नेमकं मागतो: त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा घेऊन ये, पुस्तकं आण, हिवाळ्यापूर्वी ये. एवढा मोठा प्रेषित, आणि त्याला थंडी वाजते हे तो लिहितो. तूही तसं माग. ‘रविवारी साडेआठला मला घ्यायला ये.’ ‘गुरुवारी माझ्याकडे बसून चहा घे.’ तशी दोन माणसं निवड, एक मंडळीतलं आणि एक शेजारचं. कुणी उपदेश सुरू केला तर सांग, ईयोबाच्या मित्रांसारखं सात दिवस नुसतं शेजारी बसा. ते तिघे गप्प होते तोवर त्यांनी उत्तम केलं.

शेजारचं माणूस ख्रिस्तीच हवं असं नाही. माझे मालक गेले त्या वर्षी मी स्वतः आजारी पडले. इतकी वर्षं दुसऱ्यांना समजावलं, आणि स्वतःला मात्र सकाळी दात घासणं डोंगर वाटायचं. चौदा महिने गोळ्या घेतल्या. मंडळीतले लोक पहिले पंधरा दिवस आले, मग आपापल्या संसाराला लागले, त्यात त्यांची चूक नाही. तेव्हा रामबागेतली एक जुनी ओळखीची बाई, देवदेव करणारी, सोवळ्यातली, संध्याकाळी सातला डबा घेऊन यायची. मऊ खिचडी, कधी पिठलं-भात. झाकण काढून माझ्यासमोर ठेवायची आणि मी दोन घास खाईपर्यंत बसायची. देवाचं नावही काढायची नाही. जवळजवळ तीन महिने. एका संध्याकाळी तिची रिक्षा उशिरा आली आणि मी खिडकीत उभी राहून तिची वाट बघते आहे हे माझ्या लक्षात आलं. कितीतरी दिवसांनी मला कशाची तरी वाट बघावीशी वाटली होती. करिथ ओढ्याकाठी एलीयाला कावळे भाकरी आणून द्यायचे, ते मला त्या दिवशी समजलं. प्रार्थना त्यानंतर परत आली, बरीच नंतर, आणि पूर्वीसारखी नाही; जरा हळू बोलणारी.

सध्या दिवसात तीन गोष्टी जमल्या तरी पुष्कळ. सकाळी उजेडात वीस मिनिटं चालणं. विजयनगरला राहतेस तर मेघदूत उद्यान जवळ आहे, नाहीतर गच्ची. चालून आल्यावर काहीतरी पोटात, पोहे नकोसे वाटले तर दूध-केळं. आणि दिवसातून एकदा कुठल्याही माणसाशी मराठीतून पाच मिनिटं. बरं वाटलं की चालेन असं नको. आधी पाय चालतात, मन मागून येतं, त्याला वेळ लागतो. नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. तो गप्प असतो असं तू लिहिलंस. तो घाबरला असेल. पाळी बदलणारी माणसं आधीच अर्ध्या झोपेत जगतात, त्याला काय करायचं ते सांगितलं तर तो करेल.

डॉक्टरांची वेळ लवकरात लवकर घे आणि त्याला सोबत ने. त्याला सुट्टी मिळाली नाही तर मला कळव, मी पलासियाहून रिक्षानं अर्ध्या तासात पोचते. कागदावर लिहून ठेव: झोप किती, जेवण किती, गोळ्या कधी बंद केल्या, आणि ती ‘उठूच नये’ची ओळ. ती तुझ्या तोंडून निघाली नाही तर मी सांगेन.

येताना डबा आणते. दोन घास गेले तरी चालतील.